झोपून चालवलेली सायकल

तिसऱ्या डॉक्टरांनीही कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे." दुसऱ्या एखाद्या घरी यावर पेढे वाटले असते. माझ्या आईचं तोंड उतरलं.

ती खुर्चीतून उठली, पदर खोचला आणि दाराबाहेर पडता पडता मला म्हणाली, "म्हणजे मी नाटक करते."

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पायजे? मशीनच म्हणतंय ना."

मला त्या मशीनविरुद्ध, त्या डॉक्टरांविरुद्ध, त्यांच्या भिंतीवरच्या गुलाबी हृदयाच्या तक्त्याविरुद्ध तिथल्या तिथे पत्रक काढावंसं वाटलं. हे माझं जुनं दुखणं आहे. पप्पा सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. बाराखडी मी शाळेत शिकले, पण सलग वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध'वर. गृहपाठ पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर केला. युनियनचं पत्रक नसेल तर विहाराचं असायचं, विहाराचं नसेल तर नळाला पाणी येत नाही म्हणून वॉर्डाचं. आमच्या घरी राग आला की भांडी आपटत नसत; कुणीतरी मजकूर लिहायला बसायचं. आणि आई कामावरून आली की चहा पिऊन घड्या घालायला बसायची. नखानं अशी दाब देऊन घडी घालायची की पत्रक पुन्हा उघडताना कुरकुरायचं.

ती स्वतः सातपूरच्याच एका छोट्या शेडमध्ये घासकाम करते. मशीनमधून निघालेल्या लोखंडी तुकड्याच्या कडेला धारदार काटे राहतात. ते कानशीनं नाहीतर हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायचे, तुकडा क्रेटमध्ये टाकायचा, क्रेट भरला की लोखंडी जिन्यानं वर पॅकिंगला न्यायचा. सगळ्या बायका. सगळ्या उभ्या.

दम लागणं सुरू झालं ते त्या जिन्यावर. आधी तिनं ते लपवलं. मध्येच थांबायची आणि कुणी बघितलं तर चपलेचा अंगठा सुटलाय म्हणायची. मग लपेना. शेडमधल्या बायका काही वाईट नाहीत, पण टोमणा मारल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नाही. "राणीसाहेब थकल्या, पालखी बोलवा." सुपरवायझर तिचा मुलगा शोभेल अशा वयाचा. तो म्हणायचा, "मावशी, आता घरी टीव्ही बघत बसा ना." ती हसायची. घरी येऊन ते आम्हाला सांगायची तेव्हाही हसायची. नंतर नंतर सांगेनाशी झाली.

पहिल्या डॉक्टरांनी गॅस सांगितला. दुसऱ्यांनी टेन्शन. मुलीचं लग्न झालंय का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी अशी मान डोलावली की जणू निदान सापडलं. तिसऱ्यांनी इको काढला, कार्डिओग्राम काढला, फिरत्या पट्ट्यावर चालवलं. पट्ट्यावर तिचे पाय आधी थकले की छाती, हे कुणालाच नीट कळलं नाही. पट्टा थांबवला आणि कागदावर काही वावगं दिसलं नाही.

आणि पप्पा म्हणाले, "सकाळी उठून चालत जा. शरीराला व्यायाम नाही म्हणून होतं."

मी जेवता जेवता ताट सरकवलं. "व्यायाम नाही? पप्पा, ती दिवसभर उभी असते."

"ते काम झालं. व्यायाम वेगळा."

"हे तुमच्या पत्रकात लिहा एकदा. कामगारांनो, तुमचं ते काम झालं, व्यायाम वेगळा."

"आवाज खाली ठेव," पप्पा म्हणाले. ते चिडले की त्यांची भाषा आणखी शुद्ध होते. "मी तिच्या हितासाठी सांगतोय."

आई म्हणाली, "दोघं भांडू नका. चालते मी उद्यापासून." आणि खरंच चालू लागली. पहाटे कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या मारायची, आणि परत आल्यावर उंबऱ्यापाशी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची. मी आतून बघायचे. काय करावं ते मला सुचत नव्हतं. ज्याच्याविरुद्ध लिहावं असं समोर कुणीच नव्हतं, आणि त्यानं मी आणखीच तडफडत होते.

चौथी डॉक्टर भेटली ती माझ्या एका मैत्रिणीमुळे. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात हृदयाची डॉक्टर, वयानं माझ्याहून थोडीच मोठी. तिनं आधीचे कागद बघितले, बाजूला ठेवले, आणि आईला विचारलं, "दम कधी लागतो?"

"जिना चढताना. क्रेट असला की जास्ती."

"आता लागतोय?"

"आता कुठं? आता बसलेय."

"तेच तर," डॉक्टर म्हणाली. "इकोच्या वेळी तुम्ही पडून होता. म्हणजे तुमचं हृदय आम्ही विश्रांती घेताना बघितलं. ते विश्रांती चांगली घेतं, एवढंच त्या कागदावर लिहिलंय. पट्ट्यावर नुसती ठोक्यांची रेघ निघते, हृदय दिसत नाही. जिन्यावर ते काय करतं ते अजून कुणी बघितलेलंच नाही."

आई खुर्चीत पुढे सरकली. एवढ्या महिन्यांत तिच्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

मग डॉक्टरनं समजावलं. एमआरआयच्या यंत्रात एक टेबल असतं. त्या टेबलाच्या पायथ्याशी पेडल बसवलेले, लोखंड अजिबात न वापरलेले. माणसानं उताणं झोपायचं, छातीपर्यंत यंत्राच्या बोगद्यात जायचं आणि झोपल्या झोपल्या सायकल मारायची. पेडल हळूहळू जड करत नेतात. यंत्र तेवढ्यात हृदयाची चित्रं घेत राहतं, धडधडत्या हृदयाची, एकामागून एक. दर ठोक्याला किती रक्त आत येतं, किती बाहेर जातं, मेहनत वाढली की ते वाढतं का, हे त्यातून मोजता येतं. त्यांच्याकडे यावर एक अभ्यास चालू होता. बसलेलं असताना ठीक आणि चढताना दम, अशाच लोकांचा. आईला त्यात घेता येईल.

"सुई नाही, कापाकापी नाही," डॉक्टर म्हणाली. "फक्त सायकल मारायची."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरकडे. "मला सायकल येत नाय."

घोटीकडच्या तिच्या गावात सायकली होत्या, पण त्या भावांच्या. ती कॅरिअरवर बसायची. लग्नानंतर पप्पांच्या स्कूटरवर मागे. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या आईनं आयुष्यात एकदाही पेडल मारलं नव्हतं. डॉक्टरला हसू आलं, पण ते कुचेष्टेचं नव्हतं. म्हणाली, पडायची भीती नाही, तोल सांभाळायचा नाही, पाय तेवढे गोल फिरले पाहिजेत आणि छाती हलता कामा नये. घरी सराव करून या.

घरी सराव कशावर करायचा? मी शेजारच्यांची सायकल उलटी करून पलंगाला बांधायचा बेत आखत होते. पप्पा इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला, पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळहात पुढे केले.

"ठेव पाय."

"काय करताय?"

"पेडल आहे असं समज. मी दाबून धरतो, तू ढकल."

आई उताणी झोपली होती, साडी पोटऱ्यांपर्यंत सावरून. तिनं पाय त्यांच्या हातांवर ठेवले आणि छताकडे बघत म्हणाली, "उभ्या जन्मात पयल्यांदा माझ्या पायाशी बसलात."

"बोलू नकोस. छाती हलते."

पहिल्यांदा तिनं उलटं फिरवलं. मग दोन्ही पाय एकदमच ढकलले आणि पप्पा मागे कलंडले. मी हसले, आईही हसली, पप्पा नाही हसले. ते पुन्हा बसले. "एकदा उजवा, एकदा डावा. मोर्चात चालतो तसं." तिला ते जमलं. रोज संध्याकाळी हा कार्यक्रम सुरू झाला. पप्पा हात थोडे जास्त दाबायचे, ती ढकलायची. काही वेळानं तिचं बोलणं थांबायचं, ओठ अलग व्हायचे आणि पाय ढिले पडायचे. पप्पा हात तसेच धरून बसायचे.

एकदा ते उठून मोरीत हात धुवायला गेले. मी मागे गेले, तर ते नळ न सोडता आपल्या तळहातांकडे बघत उभे होते. मला म्हणाले, "एकदम जातो तिचा जोर. कुणीतरी बटण बंद करावं तसा." मी नळ सोडला. मला खूप काही बोलायचं होतं.

तपासणीच्या दिवशी आईला रुग्णालयाचा पायजमा आणि मागे नाड्या असलेला सदरा घालायला दिला. आरशात बघून ती म्हणाली, "पोष्टमन दिसते." मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातल्या पिना सगळं माझ्या ओंजळीत आलं. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ मोकळा गडी होता. यंत्र म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक आहे, हे त्यानं आम्हाला छान सांगितलं. मग एकेक प्रश्न. छातीत पेसमेकर? नाही. हाडात सळई, स्क्रू? नाही. कधी ऑपरेशन? नसबंदीचं. अंगात कुठे लोखंडाचा तुकडा, छर्रा? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?

"नाय," आई म्हणाली.

तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. आणि मीही गप्पच. ती खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. शेडमध्ये डोळ्यात कण जाणं याला काही गेलं असं म्हणतच नाहीत. चष्मे दिलेले आहेत, पण ते घामानं धुरकट होतात, म्हणून कपाळावर चढवलेले. कण गेला की बाई कानस खाली ठेवते आणि एका मावशीकडे जाते. ही मावशी पेठ तालुक्याकडची, शेडमधली सगळ्यात जुनी. ती डोळ्याची पापणी दोन बोटांनी उघडते आणि जिभेच्या टोकानं कण टिपून घेते. मग थुंकते. पुन्हा काम सुरू. मावशीच्या जिभेला न सापडलेला कण अजून निपजलेला नाही, असं शेडमध्ये म्हणतात. डॉक्टरकडे जावं लागलं तरच डोळ्यात गेलं म्हणायचं. आई कधी गेली नव्हती.

तंत्रज्ञ तिच्या बोटाला नाडीची चिमटी लावायला वाकला, आणि तिचं बोट हातात धरून थांबला. आईच्या बोटांच्या भेगांत काळं बसलेलं आहे. ते साबणानं जात नाही, दगडानं घासूनही जात नाही.

"काकू, काम काय करता?"

"घासकाम. सातपूरला."

"लोखंडाचं?"

"लोखंडाचंच."

त्यानं चिमटी खाली ठेवली. "मग डोळ्यात कण जात असतील ना?"

"जातात की. पण राहत नाय. मावशी काढती."

"कशानं?"

आईनं सांगितलं. त्यानं प्रश्नांचा कागद पुन्हा उचलला. मग म्हणाला, "एक मिनिट हं," आणि डॉक्टरला बोलवायला गेला.

तपासणी थांबली. डोळ्याचा एक्स-रे काढल्याशिवाय आत जाता येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. बारीकसा कण जरी आत रुतून राहिला असेल तर चुंबक त्याला ओढतं, आणि तो डोळ्यातून मार्ग काढतो. दृष्टी जाऊ शकते. मी आईचं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून उभी होते. ही दोन वाक्यं शेडच्या भिंतीवर का लिहिलेली नाहीत, हा प्रश्न मी तिथे कुणालातरी विचारलाही, बहुतेक वॉर्डबॉयला. तो म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, स्ट्रेचर येतंय."

एक्स-रेत डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला. टाचणीच्या टोकाएवढा. डोळ्याच्या आत नव्हता, वरच्या पापणीच्या मांसात होता. तरी नाही म्हणजे नाही.

आईनं पायजमा उतरवला, साडी नेसली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मावशीला सांगू नको. तिला वाईट वाटेल."

डोळ्यांच्या डॉक्टरनं कण काढायला दिवस दिला. तोवर आमच्या घराला स्वस्थता नव्हती. मी रात्रंदिवस फोनवर हृदयाचं वाचत होते आणि जे वाचत होते त्यानं काही कळत नव्हतं. पप्पा आपल्या जुन्या सोबत्यांना फोन करून विचारत होते, तुमच्या डोळ्यात कधी गेलेला का? सगळेच हो म्हणत होते. आई मात्र वेगळ्याच गोष्टीला घाबरली होती. भांडी घासताना ती मला म्हणाली, "त्या सायकलीतपण काय नाय निघालं तर?"

"मग चांगलंच ना."

"चांगलं कसं? मग मी काय सांगू त्यांना?"

"कुणाला?"

"सगळ्यांना." तिनं पातेलं उपडं घातलं. "दम मला लागतो गं. पण रोज रोज नाय नाय ऐकून मलाच वाटाया लागलं, आपण कामाला कटाळलो म्हणून शरीर असं करतंय. माणसाला आपलाच इश्वास राहत नाय."

माझी आई आजारी निघावी अशी माझी इच्छा होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण घरात तिघांनाही तेच हवं होतं, आणि तिघंही एकमेकांच्या नजरा चुकवत होते.

कण निघाला. डॉक्टरांनी तो छोट्या बाटलीत घालून दाखवला. पुन्हा एक्स-रे, यावेळी ठिपका नाही. पापणीची सूज उतरल्यावर आम्ही पुन्हा त्याच खोलीसमोर बसलो. पुन्हा तो पोस्टमनचा वेष. तंत्रज्ञानं तिला ओळखलं. "काकू, सरावात खंड नाही ना पडला?"

"आमचं पेडल घरीच असतंय," आई म्हणाली आणि पप्पांकडे बघितलं.

काचेच्या अलीकडे, पडद्यांच्या खोलीत डॉक्टरनं मला आणि पप्पांना मागच्या बाजूला उभं राहू दिलं. काचेतून आईचे फक्त पाय दिसत होते. पायजम्याचे घोळ वर सरकलेले, पावलं पेडलला पट्ट्यांनी बांधलेली. बाकीची आई बोगद्यात. आणि पडद्यावर तिचं हृदय.

मी ते गुलाबी तक्त्यासारखं असेल असं धरून चालले होते. ते राखाडी होतं. गोल, जाडसर भिंतींचं, मुठीसारखं मिटत आणि उघडत होतं. यंत्राचा आवाज भिंतीतूनसुद्धा येत होता, पत्र्यावर हातोडी मारावी तसा. आईला तो त्रास देणार नाही, एवढं मला माहीत होतं. शेडमध्ये याहून मोठा असतो.

"काकू, सुरू करा," डॉक्टर माइकमध्ये म्हणाली.

पाय फिरू लागले. उजवा, डावा. मोर्चातल्यासारखे. पडद्यावरचं हृदय जरा भरभर झालं. "छान. आता थोडं जड करते." पाय फिरत राहिले. "आणखी थोडं." पप्पांचे दोन्ही हात त्यांच्या पोटाशी होते, तळवे पुढे. आपण असे उभे आहोत हे त्यांना कळत नसावं.

"काकू, त्रास होतोय का?"

स्पीकरमधून आवाज आला, "नाय."

डॉक्टरनं पडद्याकडे बघितलं, मग पायांकडे. पाय मंदावत होते. "खरं सांगा हं. जिन्यावर होतं तसं होतंय का?"

काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. मोठा, तुटका. मग आई म्हणाली, "होतंय. तसंच. बंद करू का?"

"अजून अगदी थोडं जमेल?"

"जमंल."

मला काच फोडून आत जावंसं वाटत होतं. जमेल म्हणण्यातच तिचा जन्म गेला होता. पण ती थांबली नाही. पाय अडखळत, रेटत, एकेक फेरी ओढत फिरले, आणि डॉक्टर "बस, थांबा" म्हणाली तेव्हा पट्ट्यांत तसेच लोंबकळत राहिले. तंत्रज्ञ पळत आत गेला. पडद्यावर हृदय अजून धावत होतं.

डॉक्टरनं निकाल सांगायला आम्हाला पुढच्या आठवड्यात बोलावलं. तिनं पडदा आमच्याकडे फिरवला. दोन चित्रं शेजारी शेजारी हलत होती. एक पडून असतानाचं, एक पेडल मारतानाचं.

"हे बघा काकू. पिळण्याचं काम तुमचं हृदय उत्तम करतंय. म्हणून इको चांगला आला. पण पिळल्यावर पुन्हा सैल व्हायला ते कुरकुर करतंय. भिंती ताठ झाल्यात. पडून असताना त्याला भरायला निवांत वेळ मिळतो. मेहनत सुरू झाली, ठोके वाढले, की वेळ कमी. मग ते पुरतं भरत नाही. भरलंच नाही तर बाहेर काय टाकणार? मेहनत वाढतेय, पण दर ठोक्याचं रक्त वाढत नाही. मागे फुप्फुसांवर दाब येतो, आणि दम लागतो."

आईनं विचारलं, "म्हणजे लागतो?"

"लागतो. जिन्यावर लागतो तो खरा आहे. हे त्याचं चित्र."

आई रडेल असं मला वाटलं होतं. तिनं खांदे खाली सोडले, बाजारातून आणलेली पिशवी जमिनीवर टेकवावी तसे. मग पप्पांकडे बोट करून म्हणाली, "आता हेच यांना सांगा."

"मी ऐकतोय की," पप्पा म्हणाले. "मी कधी खोटं म्हटलं तुला?"

"खोटं नाय म्हटलं. चाल म्हटलं."

पप्पा खिशातलं पेन काढून पुन्हा खिशाला लावू लागले. हजारो माणसांसमोर बोललेला माणूस. डॉक्टरनं तेवढ्यात गोळ्या, मीठ, रक्तदाब, वजन हे सगळं समजावून सांगितलं. चालायलाही सांगितलं, पण सावकाश, सपाटीवर, आणि दम लागला की थांबायचं. क्रेट उचलायचा नाही. जिना नाही. बसून करायचं काम चालेल. हे एकदम बरं होणारं नाही, पण सांभाळलं तर आवरतं.

घरी आल्यावर पप्पा टेबलाशी बसले आणि मी त्यांच्यासमोर बसले. दोघांच्या हातात पेन. ते 'घासकाम करणाऱ्या भगिनींचे आरोग्य' असं काहीतरी लिहीत होते, माझं पहिलंच वाक्य त्याहून तिखट होतं. शेड, चष्मे, कण, जिना, सगळं मला एकाच पानात हवं होतं. आईनं चहा आणला आणि दोघांचेही कागद उचलून ट्रेखाली घातले.

"माझ्या काळजाचं पत्रक काढायचं नाय. उद्या मी जाते शेडवर. तू चल संगं. पण बोलायचं नाय."

"मग मी कशाला येऊ?"

"तुझ्या फोनात ती फिल्म हाय ना, म्हणून."

डॉक्टरनं मला दुसऱ्या चित्राचं मोबाइलवर चित्रण करू दिलं होतं. दुपारच्या सुट्टीत शेडच्या दाराशी बायका डबे घेऊन बसल्या होत्या. आई त्यांच्यात टेकली आणि मला फोन पुढे करायला सांगितला. पाच-सहा डोकी माझ्या हातावर वाकली. लोणच्याचा आणि लोखंडाचा वास.

"ही तूच का?" एक बाई म्हणाली.

"मीच. जिना चढतेय असं समज."

"बाई, लय नाचतंय गं."

"नाचत नाय. भरत नाय पुरतं. म्हणून दम." आणि आईनं सगळं सांगितलं, डॉक्टरच्या क्रमानं नाही, तिच्या क्रमानं. पायजमा आधी, हृदय नंतर. पालखीचा टोमणा मारणारी बाई भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. ती म्हणाली, "आम्ही आपलं मस्करीत म्हणायचो."

"म्हणायचा," आई म्हणाली. "मला लागायचं."

पापणीतल्या कणाचंही मग आईनंच सांगून टाकलं. पेठची मावशी रागावेल असं तिला वाटत होतं. मावशीनं आईची पापणी उघडून बघितली, सोडली आणि म्हणाली, "मला पण दम लागतोय. वर जाताना. मी म्हटलं वय झालं."

"मग बोलायचं ना."

"तू बोलली का?"

आईनं मान हलवली. मावशीनं विचारलं, "ती सायकल मलापण मारू देतील का?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायका उठल्या. मी दाराबाहेर उभी राहिले, ओठ दाबून. सुपरवायझर आला. आईनं एक रिकामा क्रेट उपडा केला, त्यावर बसली, मांडीवर गोणपाट घेतलं आणि तुकडे घासायला लागली.

"मावशी, बसून नाही करायचं. लाइन उभी असते."

"डॉक्टरनं बसून सांगितलंय. क्रेटपण नाय उचलणार. मालकाला विचारायचं तर विचारा. तोवर मी घासते."

तो माझ्याकडे बघायला लागला, जणू हे मी शिकवलंय. माझ्या तोंडात एवढी वाक्यं जमली होती की दात दुखत होते. पेठच्या मावशीनं तिचा भरलेला क्रेट त्याच्या पायाशी आणून ठेवला आणि म्हणाली, "हा वर न्यायला कुणी पोऱ्या बघा." दुसरी बाई तोंडाला पदर लावून हसली. तो चरफडत मालकाच्या केबिनकडे गेला.

मी वाट बघत राहिले. केबिनचं दार उघडत नव्हतं. काही झालं तर मध्ये पडायला मी तयार होते, काही झालं नाही तरीही. ग्राइंडर सुरू झाले, ठिणग्या उडू लागल्या. आईनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, मान वर करून मला बघितलं आणि आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "जा आता तू. किती येळ उभी राहशील? मला काम हाय."